विषय: इस्तंबूलला १४ तास – बाहेर पडावं का? (शुक्रवार रात्रीपर्यंत हवंय)

प्रेषक: स्मिता

मंडळी,

तिकिटं होल्डवर आहेत आणि होल्ड शुक्रवारी रात्री सुटतो, म्हणून घाईत लिहितेय. जूनमध्ये अमेरिकेहून भारतात जाताना इस्तंबूलला दोन पर्याय मिळतायत. एक सव्वादोन तासांचं कनेक्शन. दुसऱ्यात मंगळवारी सकाळी ६ वाजता उतरायचं आणि पुढचं विमान रात्री सव्वाआठला. मला दुसरं हवंय, ह्यांना पहिलं. ह्यांचं म्हणणं, सोळा आणि तेरा वर्षांची दोघं विमानात रात्रभर स्क्रीन बघणार आणि मग दिवसभर त्यांना ओढत फिरणार कोण? थोरला म्हणतो, विमानतळावर वायफाय आहे ना, मग बाहेर कशाला? धाकटीला तिथली मांजरं बघायची आहेत. बाकी तिची काही मागणी नाही.

आमचे दोघांचे पासपोर्ट भारतीय, ग्रीन कार्ड आहे. मुलांचे अमेरिकन. नानाकाकांची ती प्रवासाच्या सूचनांची यादी मला सापडत नाहीये.

ज्यांनी ह्या वयाच्या मुलांना घेऊन हे केलंय त्यांनीच लिहा, प्लीज. "इस्तंबूल सुंदर आहे" हे मला माहीत आहे.

स्मिता

प्रेषक: नानाकाका

स्मिता, यादी ऑक्टोबरात पाठवली होती, विषयात [प्रवास] लिहून. प्रवासाचे प्रश्न आधी माझ्याकडे यावेत असं मागच्या मीटिंगमध्ये ठरलंय, म्हणजे तेच तेच पुन्हा होत नाही. असो.

मुलांना तुर्कस्तानचा व्हिसा लागत नाही, अमेरिकन पासपोर्टला २०२३ च्या डिसेंबरअखेरीस माफ झाला. तुम्हा दोघांना लागेल. ई-व्हिसा मिळतो, पण तो एकदाच प्रवेश देणारा असतो. जाताना बाहेर पडलात की तो संपला. परतीलाही इस्तंबूलच असेल तर पुन्हा काढावा लागणार. हा सगळा व्याप एका दिवसासाठी करायचा का, ते तुम्ही ठरवा. तुझ्या मिस्टरांचं ऐक, असं मी म्हणेन.

प्रेषक: अभय

नानाकाका, "पुन्हा काढावा लागणार" हे अर्धंच झालं. परतीला विमानतळाच्या आतच राहायचं असेल तर व्हिसा कशाला? पासपोर्ट कंट्रोल ओलांडायचंच नाही.

स्मिता, ग्रीन कार्ड वैध असलं की भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. अर्ज फक्त सरकारी साइटवर कर, पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट टीआर असायला हवं. शोधलंस की वरचे दोन-तीन निकाल दलालांचे येतात, दिसायला हुबेहूब सरकारी. नाव पासपोर्टवर आहे तसंच भर.

प्रेषक: नानाकाका

अभय, आत राहायचं म्हटलं तरी बॅगा पुढच्या विमानात आपोआप गेल्या पाहिजेत ना? दोन वेगळी तिकिटं असली तर बॅगा घ्यायला बहुधा बाहेर यावं लागतं, आणि बाहेर म्हणजे देशात प्रवेश. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला चेक-इनच्या काउंटरवरच अडवलं होतं, परतीच्या व्हिसाशिवाय बसू देईनात. म्हणून मी "व्याप" म्हणालो. मी पूर्ण विचार करून लिहितो.

प्रेषक: अभय

मान्य, पण तो प्रश्न वेगळ्या तिकिटांचा आहे, व्हिसाचा नाही. स्मिता, चारही तिकिटं, जाणं आणि येणं, एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, आहेत का? तसं असेल तर बॅगा शेवटच्या मुक्कामापर्यंत जातात आणि काकांची शंका मिटते. चेक-इन करताना टॅगवर शेवटच्या विमानतळाचा कोड छापलाय ना, ते स्वतः बघ. विचारू नकोस, बघ.

प्रेषक: विनायक

आम्ही नेहमी सिंगापूर घेतो. तिथल्या चांगी विमानतळाच्या ज्वेल मॉलमधला धबधबा ४० मीटर उंच आहे, छताखाली एवढा धबधबा मुलांनी कुठे बघितलाय? साडेपाच तासांपेक्षा जास्त थांबा असेल तर शहराची फेरीही फुकट.

प्रेषक: वैशाली

विनायकदादा, सिंगापूर स्मिताच्या वाटेत कुठे येतं? आणि ज्वेल इमिग्रेशनच्या बाहेर आहे, तेही लिहायला हवं होतं.

स्मिता, व्हिसाचं सोड, ते अभय निस्तरेल. तुझ्या मिस्टरांनी घड्याळाचं गणित उलटं मांडलंय. उन्हाळ्यात आपल्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या सात तास पुढे इस्तंबूल. तिथले सकाळचे ६ म्हणजे तुमच्या अंगातले रात्रीचे ११. टीनएजर रात्री ११ ला काय करत असतो? टक्क जागा असतो. ह्या वयात मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं संप्रेरक, मोठ्यांपेक्षा उशिरा स्रवतं, म्हणून ती रात्री झोपत नाहीत आणि सकाळी उठत नाहीत, त्यात आळस नसतो. (हे मी आमच्या घरात रोज सांगते, उपयोग शून्य.) म्हणजे सकाळी मुलं ताजी असतील, तुम्ही दोघं पेंगत असाल. खरी पंचाईत दुपारी बाराला, म्हणजे त्यांच्या पहाटेच्या पाचला. तेव्हा दोघंही कोसळणार, थोरला आधी.

तेव्हा चालायचं, चढायचं, रांगेत उभं राहायचं ते सगळं सकाळी ११ च्या आत उरका. दुपारी बसून बघायचं काहीतरी ठेवा. विमानतळावर झोपायला कोपरा मिळतो, पण झोपू द्यायचं ते ४ नंतर, आधी नाही. दुपारी तीन तास झोपू दिलंत तर पुढच्या विमानात पुन्हा स्क्रीन.

प्रेषक: माधुरी

वैशाली, फारच छान समजावलंस! आमचीही एकदम अशीच.

स्मिता, टर्किश एअरलाइन्सची टूरिस्तांबूल नावाची फुकट टूर आहे. ६ ते २४ तासांचा थांबा आणि दोन्ही विमानं त्यांची आंतरराष्ट्रीय असली की चालतं. विमानतळावरूनच बस नेते, आणून सोडते. दिवसभरात वेगवेगळ्या वेळी निघतात. मी तर म्हणते डोकं लढवायचंच कशाला? विमान चुकायची भीती नाही, तिकिटांच्या रांगा नाहीत. मागच्या वर्षी सहलीला मी जे ठरवलं होतं त्यावर इथे कोणी कोणी काय लिहिलं होतं ते मला आठवतंय, पण निदान सगळे वेळेत परत आले होते.

प्रेषक: ईशान

मी माधुरीमावशीचा भाचा. मावशीनेच मला लिस्टवर घातलंय, आजवर कधी लिहिलं नाही. पण मी पंधरा वर्षांचा असताना ह्याच टूरला गेलो होतो, म्हणून लिहितोय.

टूर वाईट नाही. पण चाळीस अनोळखी लोकांच्या मागे झेंड्यापाठोपाठ चालायचं, कुठेतरी थांबावंसं वाटलं तर थांबता येत नाही, आणि मध्ये आई विचारते "ऐकतोयस ना?" सोळाव्या वर्षी त्याला फुकट असण्याचं काही कौतुक नसतं.

मला आवडलेल्या दोन गोष्टी. पहिली बॅसिलिका सिस्टर्न. सहाव्या शतकातलं जमिनीखालचं पाण्याचं टाकं, ३३६ खांब, आत अंधार आणि गारवा. शेवटच्या टोकाला दोन खांबांखाली ग्रीक पुराणातल्या मेदुसाची डोकी आहेत, एक उलटं आणि एक आडवं. तशी का बसवली ते कोणालाच नक्की माहीत नाही, त्यामुळे कोणी लेक्चर देऊ शकत नाही. दुसरी आया सोफिया मशिदीच्या वरच्या सज्जात. तिथे संगमरवरी कठड्यावर वायकिंग शिपायाने स्वतःचं नाव कोरलंय, हाफदान, रूनिक लिपीत. हजार वर्षांपूर्वीही कंटाळलेला माणूस तेच करायचा. आता पर्यटकांना वरच्याच मजल्यावर सोडतात, वेगळ्या तिकिटावर, त्यामुळे कठडा वाटेतच लागेल.

अजून एक. मी गेलो तेव्हा विमानतळावरचं फुकट वायफाय एकच तास होतं. स्मिताकाकू, थोरल्याला हे नक्की सांगा.

प्रेषक: माधुरी

ईशान, झेंडा नव्हता, छत्री होती.

प्रेषक: वैशाली

ईशानचं बरोबर आहे. स्मिता, मंगळवार आहे हे लक्षात घे, तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद असतो. एका परीने बरंच झालं, तो मोठा आहे आणि तिथेच दिवस संपला असता. त्याऐवजी एमिनोनूहून कादिकॉयची फेरी घ्या. साधी रोजच्या प्रवाशांची बोट, वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात. ही बारा वाजता. बसायचं, वारा खायचा, पेंगायचं. कादिकॉयला मांजरं इतकी की धाकटी तिथून हलायची नाही.

आणि एक वाटणी कर: जायचा रस्ता थोरला शोधेल, यायचा धाकटी. विमानतळावरून एम ११ मेट्रोने गायरेतेपे, तिथे एम २ पकडून वेझनेजिलेर, मग चालत किंवा ट्रामने सुलतानअहमत, ईशानचं टाकं आणि आया सोफिया तिथेच. तुम्ही दोघांनी फोन खिशात ठेवायचा. चुकली तर चुकू देत, १४ तास आहेत. मुलं मागे मागे रेंगाळतात ती पुढे काय आहे ते त्यांना माहीत नसतं म्हणून. नकाशा हातात दिला की तीच पुढे चालतात आणि आपल्याला म्हणतात, "चला ना लवकर."

प्रेषक: नानाकाका

"चुकली तर चुकू देत" हे रात्री सव्वाआठचं विमान असताना लिहू नये. विमानतळ शहरापासून साधारण ४० किलोमीटरवर आहे. संध्याकाळी टॅक्सीत बसलात तर रस्त्यावरच बसाल. टर्मिनलच्या दारात एकदा सिक्युरिटी, आत पुन्हा एकदा. साडेचारला मेट्रोत बसलेलं असावं. केबिन बॅगा घेऊन फिरू नका, विमानतळावर सामान ठेवायची सोय आहे. आणि मुलांची ओसीआय कार्डं (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांची) बरोबर घे. पासपोर्ट नवे झाले असतील तर नवा पासपोर्ट आणि फोटो ओसीआयच्या साइटवर अपलोड केलेस का? वीस वर्षांच्या आतल्यांना कार्ड दर वेळी बदलून घ्यावं लागत नाही, पण अपलोड करावं लागतं. हे यादीत होतं.

प्रेषक: ई-मेल लिस्टचे व्यवस्थापक

मंडळी, माधुरीताई आणि ईशान सोडून बाकी सर्वांनी मागची सगळी पत्रं खाली जोडून पाठवली आहेत. डायजेस्ट, म्हणजे सगळी पत्रं एकत्र, घेणाऱ्या सभासदांच्या तक्रारी येतायत. तसंच प्रवासविषयक प्रश्न "आधी नानाकाकांकडे" असा ठराव झालेला नाही, फक्त चर्चा झाली होती.

प्रेषक: नानाकाका

चर्चेअंती सर्वांनी मान डोलावली होती.

प्रेषक: विनायक

ज्वेल इमिग्रेशनच्या बाहेर आहे ते मला माहीत आहे, वैशाली. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा वगैरे असला तर ९६ तासांचा ट्रान्झिट प्रवेश मिळू शकतो. एवढंच म्हणायचं होतं.

प्रेषक: स्मिता

सगळ्यांचे आभार. १४ तासांवालं बुक केलं. एकच पीएनआर आहे, एअरलाइनला फोन करून विचारलं. परतीला अडीच तासांचंच कनेक्शन आहे, त्यामुळे बाहेर पडायचा प्रश्न नाही.

टूर घेत नाही. माधुरीताई, रागावू नका, दोन्ही मुलांनी ईशानचं पत्र वाचलं आणि विषय संपला. नानाकाका, ओसीआयवर धाकटीचा जुनाच पासपोर्ट दिसतोय, आज रात्री अपलोड करते. हे तयार झालेत, पण अट घातलीय की बोटीवर त्यांना झोपू द्यायचं आणि कोणी उठवायचं नाही.

अभय, ई-व्हिसाच्या अर्जात प्रवेशाची तारीख विचारतायत. विमान सोमवारी सुटतंय, उतरणार मंगळवारी. मंगळवारच ना?

प्रेषक: अभय

मंगळवार. उतरायची तारीख.