सील बदलण्याआधी पंपाचं बुश तपासा

गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुढून तेल गळतोय म्हणून तो घरीच उतरवून पूर्ण खोलायचं ठरवलं असेल, तर जरूर करा, पण आधी बेल हाउसिंगमधून (इंजिनला जोडलेलं गिअरबॉक्सचं पुढचं कवच) टपकणारं तेल पांढऱ्या कागदावर घेऊन बघा. लालसर असेल तर ते गिअरबॉक्सचं. तपकिरी असेल तर इंजिनच्या मागच्या सीलचंही असू शकतं (जुनं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेलही तपकिरी होतं, म्हणून गिअरबॉक्सच्या डिपस्टिकवरच्या तेलाशी ताडून पाहा).

गिअरबॉक्सचं पुढचं सील (तेल अडवणारी रबरी कडी) नवं टाकूनही पुन्हा गळतं, तेव्हा बऱ्याचदा गिअरबॉक्सच्या तेलपंपातलं बुश (आधार देणारं धातूचं कडं) झिजलेलं असतं. टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) हब, म्हणजे पंपात शिरणारी त्याची नळी, त्यात डुगडुगतो आणि सीलची कड एकाच बाजूने दबत राहते. हबवरून नख फिरवा. चर लागला तर नवं सीलही टिकणार नाही.

गिअरबॉक्स परत जुळवताना आतल्या क्लच प्लेटी कोरड्या बसवू नका, निदान अर्धा तास एटीएफमध्ये भिजवा. चेक बॉल (तेलाच्या वाटा उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या छोट्या गोळ्या) जागेवर धरायला पेट्रोलियम जेली वापरा, साधं ग्रीस नको.

सगळ्यात जपायचं ते कन्व्हर्टर बसवताना. फिरवत फिरवत आत ढकला, तो टप्प्याटप्प्याने 'खट्' करत सरकतो. बेल हाउसिंग इंजिनला हाताने पूर्ण टेकलं पाहिजे, आणि तेव्हा कन्व्हर्टर व फ्लेक्सप्लेटमध्ये (इंजिनकडची चकती, जिला कन्व्हर्टर जोडतात) थोडी फट राहून कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे. तसं नसेल तर बोल्ट आवळून ओढून घेऊ नका, पंप फुटतो. गिअरबॉक्स परत मागे घ्या आणि कन्व्हर्टर नीट बसवा.

गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्याही धुऊन घ्या, जुना कचरा तिथेच अडकलेला असतो.