मदत हवी आहे: जुन्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरचे हे पार्ट कुठं बसतात?

कुंडलकर
इंजिन बोरिंग करून आणलं, बसवलं. आता पोत्यात एवढं उरलंय:

मुठीएवढा पत्र्याचा डबा, त्याला बारीक नळ्या जोडायची तोंडं.
आखूड, भक्कम स्प्रिंग. हातानं दबत नाही.
तांब्याची तीन जाड वायसर.
एक वाकडा दांडा, वर मूठ नाही.

ज्यानं ट्रॅक्टर खोलला त्या मेस्त्रीचा फोन लागत नाही. पेरणीच्या आत चालू करायचाय. लवकर सांगा, उगाच नवा घ्या वगैरे सांगू नका.

पलूसचा मेस्त्री
दादा, ट्रॅक्टर कुठला ते लिहा आधी.

कुंडलकर
मॅसी. लाल.

मिरजकर
लाल मॅसी ३५ पण आहे, १०३५ पण आणि १३५ पण. सिलिंडर तीन की चार? डॅशवरची नंबरपट्टी शाबूत आहे का? नसली तर ब्लॉकवर डिझेल पंपाजवळचा कोरलेला नंबर पुसून बघा.

कुंडलकर
पट्टी कधीच गेली. घरात सगळे पस्तीसचा म्हणतात. आजोबांनी घेतलेला.

शिराळ्याचा शेतकरी
आरसी बुक बघितलंत का? नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. रस्त्यावर काढायच्या आधी ते करून घ्या, उसाच्या ट्रॉलीला अडवतात.

कुंडलकर
काका, ते नंतर बघू. पार्टचं सांगा.

पलूसचा मेस्त्री
वायसर तीन, म्हणजे इंजिन तीन सिलिंडरचं. पर्किन्सचं १५२ क्युबिक इंचवालं, साधारण अडीच लिटर. ती वायसर नोझलच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या पार्टच्या, बुडाशी बसतात. जुनी चपटी झालेली असतील तर नवी घ्या. घाई असेल तर लाल होईस्तोवर तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं. पण नोझल बसवायच्या आधी भोकात बॅटरी मारून बघा, जुनं वायसर आत चिकटून राहिलेलं असतं. त्यावर दुसरं घातलं की नोझल वर राहतं आणि फवारा चुकीच्या जागी पडतो.

आता डबा. इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीवर, वायर लावायचा प्लग आहे का? की तिथं बोल्ट ठोकलाय?

कुंडलकर
बोल्ट आहे. त्यावर पांढरी टेप गुंडाळलीय.

पलूसचा मेस्त्री
मग ठरलं. डबा थर्मोस्टार्टचा आहे. नोझलच्या ओव्हरफ्लोचं डिझेल त्यात साठतं आणि उतारानं मॅनिफोल्डमधल्या प्लगला येतं, म्हणून डबा प्लगपेक्षा उंचावरच हवा. किल्ली हीटरवर धरली की कॉईल तापते, प्लगमधला व्हॉल्व्ह उघडतो, डिझेल थेंब थेंब पडून पेटतं आणि आत जाणारी हवा गरम होते. प्लग गळायला लागला असेल, म्हणून कुणीतरी बोल्ट मारून डबा पोत्यात टाकला. नवा प्लग घ्या. डबा भरलेला नसताना हीटर धरू नका, कॉईल जळते.

कराडकर
सांगली-साताऱ्यात हीटर कशाला लागतोय? आमच्याकडं सगळ्यांनी बोल्टच मारलेत. डिसेंबरात पहाटे जड गेला तर एअर क्लीनरमधून ईथरचा स्प्रे मारायचा, एका सेलमध्ये पकडतो.

पलूसचा मेस्त्री
कराडकर, हे लिहू नका. हीटर असलेल्या गाडीत कुणी तापल्या कॉईलवर ईथर मारला तर मॅनिफोल्डमध्येच भडका होतो. एक काहीतरी ठेवा. आणि नुकतंच बोरिंग झालेल्या इंजिनला ईथर अजिबात नको, नव्या रिंगा तुटतात.

कराडकर
माझी वीस वर्षं चालतेय.

मिरजकर
स्प्रिंग राहिली. टोकांना वाट्या आहेत का?

कुंडलकर
आहेत. एका वाटीला आत आटे.

मिरजकर
मग ती टॉप लिंकच्या, म्हणजे नांगराला वरून धरणाऱ्या दांड्याच्या, कानामागची. ड्राफ्ट कंट्रोलची. नांगर जड लागला की टॉप लिंक पुढं ढकलते, स्प्रिंग दबते, आतला व्हॉल्व्ह हलतो आणि लिफ्ट चार बोटं उचलते. नांगराचा भार मागच्या चाकावर येतो म्हणून चाक घसरत नाही. फर्ग्युसनची सगळी करामत या स्प्रिंगमध्ये आहे. ती न बसवता लिफ्ट वर-खाली होईल, पण काळ्या रानात नांगर धरणार नाही.

येळावीचा बाळू
आमच्या मेस्त्रीनं स्प्रिंगच्या मागं दोन वायसर घालून घट्ट केली. झकास उचलतो.

मिरजकर
तुमचा ड्राफ्ट बंद पडलाय, बाळू. उचलणं वेगळं, जाणवणं वेगळं. स्प्रिंग बोटांनी फिरली पाहिजे आणि पुढं-मागं तसूभरही खेळ नको, एवढीच आवळायची. वायसर काढा ती.

औदुंबरचा
कुंडल म्हणजे किर्लोस्करवाडीला लागून की. १९१० साली औंध संस्थानानं दिलेल्या माळावर तो कारखाना उभा राहिला. आमच्या घरी अजून त्यांचा लोखंडी नांगर आहे, कुणाला बघायचा असेल तर या.

कुंडलकर
डबा आणि स्प्रिंग कळली, लई उपकार. वायसर नवी आणतो. दांड्याचं कुणीच बोललं नाही.

कराडकर
हाय-लो गिअरचा असणार.

पलूसचा मेस्त्री
गिअरचा दांडा खाली गोल डोक्याचा असतो. तुमच्या दांड्याचं खालचं टोक कसं आहे?

कुंडलकर
गोल नाही. आडवं भोक आहे, पिन बसेल असं.

पलूसचा मेस्त्री
मग पीटीओचा, म्हणजे मागच्या अवजाराला फिरवणाऱ्या शाफ्टचा, धरून चाला. डाव्या बाजूला बाहेर आलेल्या शाफ्टवर लावून बघा. तीन जागा सापडल्या पाहिजेत: इंजिन, मधे न्यूट्रल, आणि ग्राउंड, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी. सापडल्या तर मधल्या जागेत ठेवा, मागं कुणी उभं नाही ते बघा आणि मगच सेल मारा.