पटियाच्या छतावर सिमेंट घालून गेलेल्या ठेकेदाराचे उरलेले १६ हजार द्यावेत का?

गोठवाली

ग्वाल्हेरला लष्कर भागात, चिटणीस की गोठ मोहल्ल्यात आमचं जुनं घर आहे. देवघराच्या खोलीवर लोखंडी गर्डर, त्यावर पटिया, म्हणजे दगडाच्या लांब फरश्या, आणि वर चुन्याचा थर. दोन पावसाळे एका सांध्यातून टपकत होतं, नेमकं समईच्या बाजूला. सासूबाई ८४ वर्षांच्या. त्यांना पूजा दुसऱ्या खोलीत हलवा असं सांगणं माझ्याच्याने होईना, म्हणून मे महिन्यात ठेकेदार बोलावला.

त्याने टेप न लावता, नुसतं वर जाऊन बघितलं आणि माल-मजुरी धरून ४६ हजार सांगितले. मी ३० हजार दोन खेपांत फोनवरून पाठवले. कागद म्हणाल तर माझ्या डायरीतलं एक पान, त्यावर त्याची सहीसुद्धा नाही. एक मिस्त्री आणि दोन बेलदार, म्हणजे मजूर, आले, जुना चुना तोडून काढला आणि दोन इंच सिमेंट-गिट्टी घातली. जूनचा पहिला आठवडा, भर दुपार. पाणी कोण मारणार विचारलं तर "भाभीजी, शाम को डाल देंगे." संध्याकाळी कोणी फिरकलं नाही. दोन दिवस मीच बादल्या वर नेल्या, मग गुडघा सुजला.

पहिल्याच जोराच्या पावसात एकाऐवजी तीन जागी गळायला लागलं. आता ठेकेदार म्हणतो, "पुरानी छत है, इतना तो आएगा ही," आणि उरलेले १६ हजार मागतो. दुसऱ्याला दाखवलं तर तो म्हणतो, सगळ्या पटिया उतरवा, स्लॅब घाला, अडीच लाख होतील. मला दोन्ही पटत नाही. कुणाचे पैसे अडवून ठेवायची मला सवय नाही, आणि बेलदारांची रोजी राहिली असेल तर मला झोप लागणार नाही. पण हे काम झालं असं मी कसं म्हणू?

जीवाजीगंजकर

ताई, आधी एकच सांगतो, पटिया काढू देऊ नका. गर्डर शाबूत असेल तर ही छत अजून खूप वर्षं चालेल. गर्डरची टोकं जिथे भिंतीत जातात तिथे हातोडीने ठोकून बघा. गंजाचे पापुद्रे निघाले तरच काळजी करायची.

बिघडलंय ते वरच्या थरात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि रात्री उतरतो. लोखंड, दगड, सिमेंट तिन्ही वेगवेगळी फुगतात, आखडतात. चुना ती ओढाताण सोसतो. सिमेंटचा पातळ थर सोसत नाही, तो बरोबर पटियांच्या सांध्यावरच फुटतो. त्यात जूनच्या उन्हात पाणी मारलं नाही. सिमेंटकामाला निदान ७ दिवस, अशा कोरड्या उन्हात १० दिवस ओल हवी. ती दिली नाही तर तडे जाणारच. ही चूक करणाऱ्याची, छत जुनी असल्याची नाही.

आत्ता भर पावसात काही तोडू नका. परनाळा साफ करा, तिरपाल उताराने बांधा. पाऊस संपल्यावर थर काढून सांधे छिन्नीने खोल उकरा आणि चुना-सुरखी (सुरखी म्हणजे विटांची भुकटी) भरा. चुना आधीच भिजवून मुरवलेला हवा. वर चुन्याचा कोबा घालून थापी उसळायला लागेपर्यंत ठोकतात, गूळ आणि बेलाच्या गराचं पाणी शिंपडतात. आमच्याकडे असंच केलं होतं. वेळ लागतो, आणि असा मिस्त्री शोधावाही लागतो.

हिशेबी

गोठवाली ताई, १६ हजार आत्ता देऊ नका, पण गप्पही बसू नका. गप्प बसलात तर उद्या तो म्हणेल, काम पसंत होतं, फक्त पैसे बुडवले. आजच त्याला मेसेज टाका: अमुक तारखेला काम केलं, इतके दिले, तीन जागी गळतं, सोबत फोटो, १५ दिवसांत दुरुस्त करून द्या, मग उरलेले देते. गळतीचे व्हिडिओ तारखेसह ठेवा. फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद हाच तुमचा मोठा पुरावा आहे.

ऐकलं नाहीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, काम ५ लाखांपर्यंतचं असेल तर फी नाही, मुदत २ वर्षं. तिथवर जावं लागू नये, पण ही वाट आहे हे त्याला कळलं पाहिजे.

पुढच्या वेळी खोली मापून चौरस फुटाचा भाव ठरवा. पैसे टप्प्याने: थोडे माल आल्यावर, थोडे थर झाल्यावर, आणि एक मोठा हिस्सा पाणी भरून बघितल्यावरच.

मुंडेर

काकू, गळती थरातूनच आहे हे बघितलंत का? आमच्याकडे पाणी मुंडेरीच्या, म्हणजे छताच्या कठड्याच्या, बुडातून शिरत होतं, मिस्त्रीने तिथे गोला, म्हणजे कोपऱ्यातली गोलसर भर, केलाच नव्हता. उघडीप मिळाली की सखल बाजूने सुरुवात करून थोडं थोडं पाणी ओता, खाली कुणाला तरी उभं करा. कुठे ओतल्यावर कुठे येतं ते खडूने लिहा.

गोठवाली

सगळ्यांचे आभार. मुंडेर, तुमचं बरोबर निघालं. काल दुपारी भाच्याला वर पाठवलं, मी खाली थाळी घेऊन उभी. दोन जागांचं पाणी मुंडेरीच्या बुडातून येतंय, तिथे गोला नाहीच. तिसरं तड्यातून, जिथे आधी टपकायचं तिथूनच.

मिस्त्रीला फोन केला. बेलदारांची रोजी मिळाली आहे, त्याचे स्वतःचे दोन दिवसांचे १६०० राहिलेत. ते मी त्याला थेट दिले आणि ठेकेदाराला लिहून कळवलं की हे उरलेल्यातून वजा. मेसेज, फोटो सगळं गेलं. उत्तर आलं, "इतवार को देखते हैं." बघू. पटिया मी काढू देणार नाही.

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. बेलाच्या पाण्याचं ऐकून त्या म्हणाल्या, माहेरी छत ठोकायला बायका रांगेने बसायच्या, पूर्ण दिवस थापीचा आवाज यायचा. जीवाजीगंजकर, तुमच्याकडे काम केलेला चुन्याचा मिस्त्री अजून काम घेतो का? पावसानंतरच्या तारखा आत्तापासून धरून ठेवते.