एकट्या माणसाने आठवड्याचं जेवण आधी ठरवावं का?

खाडीकाठ: बदलीमुळे तीन वर्षं रत्नागिरीत एकटा राहतोय. पहिलं वर्ष अंडी-पाव आणि पोह्यांवर काढलं. आता रविवारी दीड तास देतो. एका नारळाचं खोबरं, कांदा, धणे, मिरची भाजून वाटण करतो आणि सहा छोट्या डब्यांत भरून फ्रीजरमध्ये टाकतो. रात्री काळे वाटाणे भिजत घातले की सोमवारची उसळ झाली. बुधवारी चवळी, शुक्रवारी मूग. भात तेवढा रोज अर्धी वाटी तांदळाचा, ताजा. माझं मत ठाम आहे. आधी ठरवलं नाही तर एकटा माणूस उपाशी राहत नाही, पण वाईट जेवतो. दमून दार उघडल्यावर 'आता काय करू' या विचारानेच भूक मरते.

तिरफळ: अजिबात पटलं नाही. समुद्राकाठी राहून मंगळवारी काय खायचं ते रविवारी ठरवायचं? होडीला काय लागलं ते बाजारात गेल्यावरच कळतं. वेंगुर्ल्यात अकरा वर्षं एकटी राहते, फ्रीजरमध्ये वाटण कधी ठेवलं नाही. त्याला ओल्या खोबऱ्याची चव राहत नाही. आणि दर वेळी वाटण हवंच कशाला? बांगड्याचं तिखलं घ्या. लाल तिखट, हळद, मीठ, दोन आमसुलं, बी काढून ठेचलेली चार तिरफळं, वरून खोबरेल. पंधरा मिनिटांत उतरतं.

खाडीकाठ: तिखलं मलाही आवडतं. पण मासे वाट्याने मिळतात. वाट्यात पाच-सहा बांगडे, मी खाणार दोन. शिवाय मी सुटतो सहाला, तोवर चांगला मासा संपलेला असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद, तेव्हा बाजार काय ठरवणार?

तिरफळ: अर्धा वाटा मागा. नेहमीची मासेवाली असेल तर देते. पहिल्यांदा मागताना मलाही संकोच वाटला होता, पण एकटं राहायचं तर हे मागायला शिकावंच लागतं. चार आले तरी दोन आज, दोन उद्या, तिखलं दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं. बंदीत सुकट आहे, सुका बांगडा आहे.

आठळी: तुम्ही दोघंही धडधाकट आहात म्हणून हा वाद घालता आहात. माझी आई ७४ वर्षांची, गुहागरजवळ एकटी असते. मीच तिला असे वाटणाचे डबे भरून दिले होते. जुलैत दीड दिवस वीज नव्हती. वाटण आंबलं, तिला टाकवलं नाही, आणि दोन दिवस पोट धरून झोपून होती. रोज बाजारात जाणंही तिला झेपत नाही. आता घरात असतं ते फ्रीजशिवाय टिकणारं: उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, मेतकूट, आमसुलं, सुकट. रात्री पिठी-भात. दोन मोठे चमचे पीठ दीड कप गार पाण्यात कालवायचं (गरम पाण्यात गुठळ्या होतात), लसणीच्या फोडणीवर ओतायचं, आमसूल, मीठ घालून उकळी येईपर्यंत ढवळायचं. दहा मिनिटं. तिची खरी अडचण वेगळीच होती. 'एकटीसाठी कशाला चूल पेटवू' म्हणत ती चहा-बिस्किटावर झोपायची. पिठीने ते थांबलं.

खाडीकाठ: विजेचा मुद्दा मान्य. जून ते सप्टेंबर दोन दिवसांपुरतंच वाटण करेन. बाकी आठ महिने मात्र आठवड्याची यादी सोडणार नाही. यादी करायला लागल्यापासून रात्री नीट जेवतोय.

तिरफळ: आठळी, आईंना सुकट भाजताना खिडकी उघडी ठेवायला सांगा, धूर फार होतो. खाडीकाठ, मी अजूनही यादी करणार नाही. उद्या बाजारात पेडवे (छोटे मासे) मिळाले तर पेडवे, नाही तर पिठी.