ॲस्ट्रल बॉडीला मराठीत काय म्हणायचं? लिंगदेहापाशी घोडं अडलंय

सांजवात
थिऑसॉफीवरच्या (एकोणिसाव्या शतकातली ती गूढवादी चळवळ) एका जुन्या इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर करतेय. सहा प्रकरणं 'ॲस्ट्रल बॉडी' दिसली की डोळे झाकून 'सूक्ष्मदेह' लिहीत गेले. सातव्यात लेखक म्हणतो, हेच हिंदूंचं 'लिंगशरीर', आणि प्रेत कुजतं तसतसं तेही विरून जातं! आपला सूक्ष्मदेह तर पुढच्या जन्माला जातो ना? मग मूळ शब्द संस्कृतच आहे म्हणून 'लिंगदेह' केलं, तर संपादकांनी समासात पेन्सिलीने लिहिलं, "वाचक हसतील." काय करू?

पाटीपेन्सिल
हसू देत. लिंग म्हणजे खूण. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग सातवीपर्यंत घोकतो आपण, कोण हसतं?

उकडीचा मोदक
सातवीपर्यंत नाही हसत. आठवीपासून हसतात. वीस वर्षं शिकवतेय, विचारा मला.

सांख्यकाका
ताई, हसण्याचा प्रश्न सोडा, तुमची शंका रास्त आहे. सांख्यांचं लिंगशरीर अठरा तत्त्वांचं: बुद्धी, अहंकार, मन, दहा इंद्रियं, पाच तन्मात्रा. वेदान्ती सतरा मोजतात, त्यात पाच प्राण धरतात. पण मेल्यावर ते राहतं यावर दोघांचं एकमत. सांख्यकारिकेत स्पष्टच आहे, 'संसरति निरुपभोगं भावैरधिवासितं लिङ्गम्'. म्हणजे जन्मोजन्मी हिंडतं ते हेच. टीकाकारांनी 'लिंग'ची 'लयं गच्छति', म्हणजे विरून जातं, अशीही फोड केलीय, पण तो लय मुळात, म्हणजे प्रकृतीत. स्मशानात नव्हे. थिऑसॉफीच्या संस्थापक ब्लाव्हाट्स्कीबाईंनी शब्द आपला उचलला आणि अर्थ स्वतःचा भरला, एवढंच.

पाटीपेन्सिल
म्हणजे चूकच केली म्हणा की.

गिरगावकर
चूक म्हणण्याआधी पुस्तक कधीचं ते विचारा. या मंडळींच्या शब्दांचे अर्थ मधल्या मध्ये फिरलेत. १८८३ मध्ये ए. पी. सिनेट या थिऑसॉफिस्ट लेखकाने माणसाची सात तत्त्वं मांडली, त्यात तिसरं लिंगशरीर आणि चौथं कामरूप. १८८९ च्या 'की टू थिऑसॉफी'त बाईंच्या यादीतही तिसरं लिंगशरीरच. तेव्हा 'ॲस्ट्रल' म्हणजे हे तिसरं, देहाची हुबेहूब छाया. पुढे बेझंटबाई आणि लेडबीटर यांच्या काळात त्या तिसऱ्याला 'इथरिक डबल' म्हणायला लागले आणि 'ॲस्ट्रल बॉडी' हे नाव सरकून चौथ्याला, वासनांच्या देहाला चिकटलं. एकच इंग्रजी शब्द, वीस वर्षांत दोन वेगळे देह.

जाता जाता: भारतात हे सगळं सुरू झालं ते आमच्या गिरगावात. १८७९ च्या फेब्रुवारीत ब्लाव्हाट्स्की आणि त्यांचे सहकारी ऑल्कॉट मुंबईत उतरले, गिरगाव बॅक रोडला राहिले, त्याच ऑक्टोबरात 'द थिऑसॉफिस्ट' मासिक इथूनच निघालं. मद्रासला अड्यारला गेले ते थेट १८८२ च्या डिसेंबरात. मद्रासचं नाव झालं, गिरगावचं कुणी काढत नाही.

सांजवात
साल कुठून सांगू, पहिली पानंच फाटलीत. पण इथरिक डबल हा शब्द पुस्तकात एकदाही नाही.

गिरगावकर
मग जुनं आहे. तुमची ॲस्ट्रल म्हणजे तिसरी.

कातळशिल्प
आमच्याकडे राजापुरात 'लिंगदेह' रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, हसत कुणी नाही, घाबरतात. आजी म्हणायची, माणूस गेला की लिंगदेह दहा दिवस घराच्या आढ्याभोवती असतो, म्हणून तिन्हीसांजेला दार लावायचं नाही. दहाव्याला कावळा शिवला की सुटला. आजोबांच्या वेळी कावळा दीड तास शिवेना, शेवटी काकाने "तुमच्या आंब्यांचं बघतो" असं कबूल केलं तेव्हा आला. तर हा लिंगदेह विरतही नाही आणि लगेच जन्मालाही जात नाही. सांख्यकाका, हा कुठल्या यादीत बसवायचा?

सांख्यकाका
लोकभाषेत चालतं तसं. शास्त्रात नाही.

कातळशिल्प
आजीला सांगतो.

निव्वळ मराठी
'ॲस्ट्रल' हा शब्द लॅटिन 'ॲस्ट्रम'वरून आला, म्हणजे तारा. सरळ 'तारकदेह' करा. सुंदर शब्द आहे, कुणी हसणार नाही.

सांख्यकाका
'तारक' म्हणजे तारणारा. तारक मंत्र ऐकला नाहीत का? गंमत म्हणजे थिऑसॉफिस्टांपैकीच टी. सुब्बाराव सात तत्त्वांचं वर्गीकरण नाकारून तारक राजयोगाचं चारांचं पुढे करत होते. १८८७ मध्ये मासिकातच त्यांची आणि बाईंची यावरून जुंपली. तुम्ही 'तारकदेह' केलंत तर तेही कबरीतून उठतील.

निव्वळ मराठी
मग 'तारकादेह'. काना वाढवला. पारिभाषिक शब्द घडवायचेच नसतील तर बोडी, ॲस्ट्रल, लिहा सगळं इंग्रजीच!

उकडीचा मोदक
'बोडी'ला मराठीत वेगळा अर्थ आहे हो, भंडाऱ्याकडे. लहान तळं.

पाटीपेन्सिल
माझं मत, थिऑसॉफिस्टांचा एकही शब्द प्रमाण मानू नये. पण एक शब्द मला आवडतो, 'देवचन'. मेल्यावर जीव जिथे विश्रांती घेतो ते. उघड आहे, देवाचं स्थान, देव-स्थान, देवथान, देवचन.

गिरगावकर
अजिबात नाही. तो तिबेटी आहे. 'देवाचेन' म्हणजे सुखाने भरलेली, बौद्धांच्या सुखावतीचं तिबेटी नाव. आपल्या 'देव'शी काडीचा संबंध नाही.

पाटीपेन्सिल
तिबेटीतही तो आपल्याकडूनच गेला असेल.

गिरगावकर
सुखावती गेली. 'देव' नाही गेला. तिबेटीत 'देवा' म्हणजे सुख.

कातळशिल्प
आणि थिऑसॉफिस्टांचे ते गुरू मोरया? 'मास्टर मोरया'. आमच्या चिंचवडच्या मोरया गोसावींचे कोण?

उकडीचा मोदक
आता गणपती येईपर्यंत हा धागा थांबत नाही.

निव्वळ मराठी
मूळ चूक 'थिऑसॉफी'ला 'ब्रह्मविद्या' म्हटलं तिथे झाली. ब्रह्मविद्या उपनिषदांतली, मुंडकाच्या पहिल्याच मंत्रात आहे. हल्ली तर ठाण्यात श्वसनाच्या वर्गालाही ब्रह्मविद्या म्हणतात.

सांख्यकाका
त्या वर्गाला मी जातो. गुडघ्याला फरक आहे.

सांजवात
मंडळी, माझं भाषांतर...?

गिरगावकर
'छायादेह' करा. 'सीक्रेट डॉक्ट्रिन'मध्ये बाईंनी 'छाया' हा शब्द याच अर्थाच्या आसपास वापरलाय. पहिल्या वेळी लिंगशरीर, पुढे सगळीकडे छायादेह.

सांख्यकाका
हरकत आहे. थिऑसॉफिस्ट पॉवेलने १९२५ मध्ये इथरिक डबलला हिंदू नाव म्हणून 'प्राणमयकोश' (प्राणाचं आवरण) दिलं, ते जास्त जवळचं. अर्थात तेही पुरतं बरोबर नाही. प्राणमय, मनोमय, विज्ञानमय हे तीन मिळून आपला सूक्ष्मदेह होतो, आणि यांनी त्यातला एकच कोश सोलून वेगळा काढला.

सांजवात
संपादकांना दोन्ही पाठवले. त्यांचं उत्तर आलं: "कोश म्हटलं की वाचकांना शब्दकोश वाटेल."

कातळशिल्प
मोरयाचं कुणी सांगणार आहे का?