'बेवड' म्हणजे नक्की काय? (आणि 'ऊर्जाचक्र' चूक का?)

निवडुंग: मुलाच्या परिसंस्थेच्या तक्त्यावर मी हौसेने 'ऊर्जाचक्र' लिहून दिलं, बाईंनी लाल पेनाने खोडून 'ऊर्जाप्रवाह' केलं. पाण्याचं चक्र चालतं, नायट्रोजनचं चालतं, मग ऊर्जेनेच काय घोडं मारलंय? घरी हा विषय निघाला तर सासरे म्हणाले, जमिनीत मागे राहतं त्याला आमच्यात बेवड म्हणतात. मला बेवडा ऐकू आलं :) कुणी वापरतं का हा शब्द?

खोडवा: वापरतं का काय, आमच्या तोंडात रोज असतो. आधीच्या पिकाने रान कसं सोडलं, तो बेवड. भुईमुगाचा बेवड असला की गहू जोरात, कारण भुईमुगाच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरतात आणि झाड त्यांना साखर पुरवतं. फुलोऱ्यातलं रोप उपटून एक गाठ नखाने फोडा, आत गुलाबी दिसली तर समजायचं काम चालू आहे. उलट ज्वारीचा बेवड वाईट, धसकटं कुजवताना जिवाणू जमिनीतला नायट्रोजन स्वतःच ओढतात आणि पुढचं पीक काही दिवस पिवळं पडतं.

कणीस: बाईंचं बरोबर आहे हो. थंडीत पहाटे उकिरडा उकरलात की वाफ येते बघा, ती ऊर्जा चालली, ती काही परत येऊन कडब्यात बसत नाही. खाली राहिलं ते खत, म्हणजे द्रव्य, ते रानात जाऊन पुन्हा कडबा होतं. गवतातून गाईत, गाईतून वाघात जाताना दर पायरीला ढोबळमानाने ऊर्जेचा दहावा हिस्साच पुढे जातो (परिसंस्थांचा अभ्यासक लिंडमन, त्याच्या १९४२ च्या पेपरातून हे पुढे आलं), बाकी बरीचशी उष्णता होऊन जाते. परत फिरत नाही त्याला चक्र कसं म्हणायचं?

निवडुंग: पण पालापाचोळ्यातही ऊर्जा असतेच ना?

कणीस: असते की, पण ती जिवाणू, बुरशी, गांडुळं खातात आणि तिथेच संपते. पुढच्या पिकाला ऊर्जा नवीन उन्हातूनच. त्यामुळे माझ्या मते बेवड द्रव्याचा असतो, ऊर्जेचा नसतो.

भातरोप: मग आमच्या कोकणातला राब यातच धरायचा का? पालापाचोळा, शेणी अंथरून भाजतो, मग तिथे रोपं करतो.

खोडवा: नाही, तो बेवड नव्हे. बेवड मागच्या पिकाचा, राबाला तुम्ही कवळं (झाडाच्या पाल्यासकट फांद्या) तोडून बाहेरून आणता. शिवाय भाजल्यावर नायट्रोजन बहुतेक धुरात जातो, राखेत पालाश (पोटॅश) राहतं. तणाचं बी मरतं हा फायदा वेगळाच.

निवडुंग: मग तक्त्यावर कंसात 'बेवड' लिहू का?

खोडवा: लिहा की. फक्त काना देऊ नका.