शब्दचर्चा: 'साओमू'ला मराठीत काय म्हणावे?

तर्जुमा: चीनमधल्या छिंगमिंग सणावरच्या एका मजकुराचा अनुवाद चालू आहे. 'साओमू' अडलाय. साओ म्हणजे झाडणे, मू म्हणजे थडगे. 'थडगी झाडणे' म्हटले तर नगरपालिकेचे काम वाटते. 'श्राद्ध' लिहिले, तर त्यावर हरकत आली आहे.

दर्भशिखा: हरकत रास्त आहे. पिंड नाहीत, तीळ नाहीत, मृत्यूची तिथीही नाही. आधी गवत उपटतात, मातीचा उंचवटा असेल तर त्यावर ताजी माती घालतात, शिळेवरची उडालेली अक्षरे रंगाने पुन्हा भरतात. दक्षिणेकडे उदबत्ती आधी तिथल्या भूदेवतेला, मग पूर्वजांना. नंतर मद्याचे पेले, चॉपस्टिक, फळे, कोंबडी. दक्षिणेतल्या क्वांगतुंग प्रांतात आख्खे भाजलेले डुक्कर. शेवटी थडग्यावर दगडाखाली कागद दाबतात. वंशज येऊन गेले, थडगे बेवारस नाही, ही त्याची खूण. 'पूर्वजपूजन' लिहा.

तर्जुमा: पूजन आले, झाडणे गेले.

पंचांगी: 'चिनी पितृपक्ष' मात्र कृपा करून नको. तो मान सातव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेचा. छिंगमिंग २४ सौरपर्वांपैकी, म्हणजे सूर्याच्या स्थानावरून पाडलेल्या वर्षाच्या टप्प्यांपैकी एक: सायन (वसंतसंपातापासून मोजलेला) सूर्य १५ अंशांवर आला की छिंगमिंग, म्हणून दर वर्षी ४ किंवा ५ एप्रिलच्या आसपास. आपली संक्रांत निरयन (ताऱ्यांवरून मोजलेली), म्हणून तारीख हळूहळू पुढे सरकते.

आखाजी: जवळची ती अक्षय्य तृतीया. पितरांची घागरही आणि खानदेशात झोकेही. छिंगमिंगलाही जुन्या काळी झोके खेळत. शिवाय पतंग, आणि 'ताछिंग', म्हणजे हिरवळ तुडवत फिरणे. पितर आणि मौज एकाच दिवशी, यात विसंगती आपल्यालाही वाटत नाही.

शुद्धमती: आधी 'किंगमिंग' छापणाऱ्यांना आवरा. रोमन लिपीतल्या क्यूचा चिनी उच्चार छ. आणि 'कबर' नको, अरबी आहे. 'समाधी' घ्या.

वसईकर: समाधी म्हटले की आत संत बसलेला दिसतो. वसईत २ नोव्हेंबरला लोक कबरी साफ करून फुले-मेणबत्त्या ठेवतात. 'कबरीची साफसफाई' सगळ्यांना कळते. अरबी नको असेल तर उदबत्तीतला ऊदही काढा.

शुद्धमती: उदबत्ती रुळलेली आहे.

वसईकर: आणि कबर काल आली का?

वाफ: त्याच मजकुरात 'छिंगत्वान'ला 'हिरवे मोदक' केलेय का? कळ्या नसताना मोदक कसला! 'हिरवे गोळे' बरे. पीठ चिकट तांदळाचे, पण नुसते तेच घेतले तर वाफेवर गोळे बसतात. थोडे साधे तांदळाचे पीठ मिसळतात. पाला चिमूटभर सोडा घातलेल्या पाण्यात उकळला की हिरवा राहतो, कडवटपणाही उतरतो. सारण गोड लाल घेवड्याचे. जास्त वाफवले की रंग पिवळट पडतो. काढल्याबरोबर तेलाचा हात, नाहीतर वरून सुकतात.

आखाजी: पाला कसला?

वाफ: आयत्साओ, दवण्याच्या भावकीतली. पण दवणा वापरू नका, वास अगदी वेगळा.

पंचांगी: चैत्रात जोतिबाला दवणाच वाहतात!

दर्भशिखा: योगायोग. गोळे गार खातात त्याचे मूळ 'हान्शि'त: हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसानंतर १०५व्या दिवशी, म्हणजे छिंगमिंगच्या सुमारास, चूल बंद, गार जेवण. इ. स. ७३२ मध्ये थांग सम्राट श्वानत्सोंगने त्या दिवशी थडग्यांना जाण्याला राजमान्यता दिली. पुढे हान्शि छिंगमिंगमध्ये विरघळले.

आखाजी: म्हणजे शिळासप्तमी.

दर्भशिखा: चूल बंद एवढेच साम्य. तिथे शीतला देवी, इथे जळून मेलेला, दंतकथेतला राजनिष्ठ सेवक च्ये त्सथुई.

तर्जुमा: 'थडग्यांची निगा' चालेल? साओमूवरच बोलायचे होते.

शुद्धमती: 'निगा' फारसी आहे.

वसईकर: झालं. लाल घेवडा म्हणजे राजमाच ना?

वाफ: नाही, तो बारीक दाणा, जवळपास लाल चवळीएवढा. राजम्याचे सारण भरभरीत होते.